डाव्या खांद्याची पट्टी

सोमवार, ३

आमच्या काज-बटणवाल्या मावशींनी आज फर्मान काढलं, "डोक्यातलं सगळं कागदावर उतरव बाई. ऐकून ऐकून माझे कान किटले." म्हणून ऑर्डरच्या जुन्या वहीची मागची कोरी पानं उघडून बसलेय. दुपारी दोन ते चार दुकानात माशी फिरकत नाही, तेव्हा लिहीन. रोज लिहिणार नाही. रोज करायच्या कुठल्याच गोष्टीशी माझं जमत नाही, अपवाद शिलाईचा आणि नवऱ्याशी वाद घालण्याचा.

तर आमची ठकू. वय पंधरा. एकुलती एक, त्यामुळे डोक्यावर बसवलेली, असं ह्यांचं म्हणणं. (बसवली कोणी? ह्यांनीच.) यंदा शाळेच्या व्हॉलीबॉल संघात घेतली तिला. निवड झाली त्या दिवशी घरात उड्या मारून पंख्याला हात लावला. आणि आता गेल्या गुरुवारपासून बाईसाहेब आरशासमोरून हलत नाहीत. सकाळी वीस मिनिटं, शाळेतून आली की अर्धा तास. केस सगळे डावीकडून पुढे घेते. दप्तर पोटाशी धरून चालते. ह्यांनी विचारलं, "काय गं, सिनेमात जायचंय का?" तर दार आपटून आत.

मला काही फारशी काळजी नाही. आपण कसे दिसतो या धास्तीने माणूस अर्धमेला होतो तेव्हा त्याला कसं सावरायचं, हे बावीस वर्षं टेलरिंग केलेल्या बाईला शिकवायला नको. आठवड्याला तीस गिऱ्हाइकं हेच दुखणं घेऊन येतात. कोणाचं पोट, कोणाची पाठ, कोणाची मान आखूड. सगळी हसत परत जातात.

बुधवार, ५

कळलं कारण. संघाचा फोटो.

नव्या जर्सी आल्या, मुलींनी शाळेतच घातल्या आणि लगेच रांगेत उभं करून फोटो काढला. तो सगळ्यांच्या फोनवर फिरतोय. आज ठकूने तो माझ्यासमोर धरला, दोन बोटांनी स्वतःला मोठं केलं आणि म्हणाली, "आई, मी वाकडी आहे का गं?"

मी फोटोकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. म्हटलं, "छे! काहीतरीच. फोटो काढणाऱ्याने फोन तिरका धरला असेल."

"बाकीच्या सरळ आहेत."

"उभी तशी राहिली असशील."

ती गेली. पण इथे खरं लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचतंय? तिचा डावा खांदा उतरता आहे, थोडासाच. चार वर्षांची असताना पहिला फ्रॉक ट्रायलला घातला तेव्हा मला दिसला. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "काही नाही, पुष्कळांचा असतो, विसरून जा." ते विसरले. मी कशी विसरेन? माझा धंदा आहे तो. त्या फ्रॉकच्या डाव्या खांद्यात मी फ्लॅनेलची दुपदरी पट्टी घातली, आणि तेव्हापासून आजपर्यंत तिच्या अंगावर गेलेल्या प्रत्येक कपड्यात ती आहे. गणवेश, फ्रॉक, कोट, स्वेटर. तयार टी-शर्ट आणला तर रात्रीतून खांदा उसवून पट्टी घालून परत शिवते. अकरा वर्षांत तिला पत्ता नाही, ह्यांना पत्ता नाही. यातच माझी कारागिरी.

माझे शिवणकामाचे मास्तर म्हणायचे, "खोट कापडात मुरवायची, तोंडातून काढायची नाही." दुकानातल्या मापाच्या वहीत मी प्रत्येकाच्या नावापुढे बारीक खूण करते. फुली म्हणजे पाठीला पोक, टिंब म्हणजे एक कंबर वर, आडवी रेघ म्हणजे खांदा. गिऱ्हाइकाला त्याचं कधी काही कळत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

एवढी एक जर्सी माझ्या हाताखालून गेली नाही, आणि बघा काय झालं.

शनिवार, ८

जेवताना टीव्हीवर बातम्या चालू होत्या. मी सहज म्हटलं, "ह्या बातम्या देणाऱ्या बाईचा कोट कोणी शिवला देव जाणे. मानेमागे केवढा फुगलाय! मान पुढे काढून बसते ना, तिला मागे कापड जास्त द्यायला हवं होतं." मग ह्यांना आमच्या समोरच्या बेकरीवाल्याबद्दल सांगत होते, की त्याचा उजवा हात कणीक मळून मळून डाव्यापेक्षा जाड झालाय, बाही वेगवेगळी कापावी लागते. ठकू अर्ध्या ताटावरून उठली.

मी म्हटलं, "आता काय झालं?"

म्हणाली, "तुला सगळ्यांचं सगळं दिसतं ना?"

"दिसणारच. बावीस वर्षांची नजर आहे."

"मग माझं काय दिसतं?"

"तू माझी सोन्यासारखी मुलगी दिसतेस."

तिने ताट उचलून ओट्यावर ठेवलं. मग म्हणाली, "बावीस तारखेच्या स्पर्धेला मी जाणार नाही. खेळाच्या बाईंना सांगणार आहे." आणि खोलीत गेली.

हे म्हणाले, "वयच तसं आहे. होईल ठीक." ह्यांचं नेहमीचंच. फ्यूज उडाला तरी हे आधी "येईल लाईट" म्हणतात, आणि स्वतः इलेक्ट्रिशियन आहेत. आरशाचं हे खूळ पोरीने कुठून आणलं मला कळत नाही. आमच्या घरात तर असं काही नाही. ह्या फोनमुळेच सगळं.

पण स्पर्धा सोडायची म्हणजे काय? पाचवीपासून चेंडू भिंतीवर आपटून आपटून तिने शेजाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्यात. हे मी होऊ देणार नाही.

मंगळवार, ११

उपाय सापडला. आधी कसा सुचला नाही याचंच नवल. जर्सीत पट्टी घालायची!

"धुवायला टाक" म्हणून जर्सी काढून घेतली. कापड मेलं घसरडं, सापासारखं. मशीनची टीप मारली असती तर वरून दिसली असती, म्हणून हातानेच चार बारीक टाके घातले. उद्या सरावाला हवी होती, त्यामुळे घाई झाली. पण काम झालं. पुतळ्यावर चढवून पाहिली. झकास.

मावशी काजं करता करता बघत होत्या. म्हणाल्या, "सांगून घाल की तिला."

मी म्हटलं, "सांगून घालायची असती तर अकरा वर्षांपूर्वी नसती का सांगितली?"

"तेच म्हणते मी."

मावशींना ना, काहीतरी बोलायची सवय आहे.

गुरुवार, १३

जिंकले मी! काल सरावाला गेली. परत आली ती शिट्टी वाजवत. आरशासमोर जर्सी घालून उभी राहिली, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, आणि हसली. पंधरा दिवसांनी हसली. म्हणाली, "आई, खरंच फोटोच तिरका होता बहुतेक."

मी म्हटलं, "मी काय सांगत होते?"

स्पर्धेला जाणार. रात्री ह्यांना म्हटलं, बघा, मुलं अशी सांभाळायची असतात. हे म्हणाले, "हो, तुझं बरोबर असतं." असं ते क्वचित म्हणतात, म्हणून नोंद करून ठेवतेय.

शुक्रवार, १४

काय लिहू?

आज सरावात ठकूने उडी मारून चेंडू उचलला आणि टाके सुटले. घामाने पट्टी घसरली आणि गळ्यातून बाहेर आली. सगळ्या संघासमोर. एका मुलीने टोक धरून ओढली आणि विचारलं, "ए, हे काय? गादी?" बाकीच्या हसल्या. त्यांचं तरी काय चुकलं, मीही हसले असते. हे सगळं मला नंतर तिच्या मैत्रिणीने सांगितलं, ठकूने नाही.

मी दुकान बंद करून घरी आले तर ठकू पलंगावर बसलेली. शिलाई उसवायची माझी छोटी सुरी हातात. कपाट रिकामं. तिचे सगळे कपडे जमिनीवर, आणि पलंगावर पांढऱ्या पट्ट्या, एकाशेजारी एक मांडलेल्या. एकवीस होत्या. शेवटची बोटाएवढी. चौथ्या वर्षाचा पिवळा फ्रॉक मी आठवण म्हणून ठेवला होता, तोही तिने शोधून उसवला होता.

म्हणाली, "हासुद्धा?"

मी वाकून जमिनीवरचे कपडे उचलायला लागले.

"मी तुला विचारलं होतं. तू म्हणालीस फोटो तिरका आहे."

"अगं, तुझ्या भल्यासाठीच..."

"तुला मी चार वर्षांची असल्यापासून लाज वाटते माझी."

आणि रडलीसुद्धा नाही ती. रडली असती तर मी जवळ तरी घेतलं असतं. लाज? मला? मी आयुष्यात एवढ्या प्रेमाने कुठलं काम केलं नसेल. कोणाला सांगू हे? रात्रीचे दोन वाजलेत, झोप नाही म्हणून वही घेऊन बसलेय, आणि उलटसुलट तेच डोक्यात फिरतंय.

रविवार, १६

ह्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. ऐकून घेतलं, मग विचारलं, "कोणता खांदा म्हणालीस?"

"डावा."

उठून तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले, आत डोकावले, परत आले. म्हणाले, "मला तर आता सांगूनही दिसत नाही."

म्हटलं, तुम्हाला काय दिसतं? घरातला बल्ब गेला तर दिसत नाही. पण मग वाटलं, हे तिला ह्यांनीच सांगावं. ह्यांनी जाऊन सांगितलं. तर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही पण तिच्याच पार्टीतले." झालं.

ठकू दोन दिवस ह्यांचा जुना ढगळ शर्ट घालून बसलीय. मी शिवलेलं काही अंगाला लावत नाही. शाळेत गेली नाही. मी सूप केलं, दारात ठेवलं. वाटी रिकामी परत आली, एवढंच काय ते बरं.

मंगळवार, १८

खेळाच्या बाई दुकानात आल्या. उंच, तरतरीत बाई, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं. म्हणाल्या, "तिने संघातून नाव काढायला सांगितलंय. मी गुरुवारपर्यंत थांबते. त्यानंतर दुसरी मुलगी घ्यावी लागेल. आणि खरं सांगू का, आत्ता ती सुटली तर पुन्हा येणार नाही. मी बघितलंय अशा मुलींचं. आधी खेळ सोडतात, मग सहल, मग फोटो. मग घराबाहेर पडणंच सोडतात."

मी नेहमीप्रमाणे म्हणाले, "मी बघते, तुम्ही काळजी करू नका." बाई गेल्यावर माझं मलाच हसू आलं. काय बघणार मी? माझ्याकडे एकच उपाय होता, आणि त्यानेच तर घोटाळा केला.

मावशींनी हातातलं काम खाली ठेवलं. मावशी काम खाली ठेवतात म्हणजे गंभीर आहे. म्हणाल्या, "मला एक सांग. तिच्या पाठीवर तीळ आहे, तो कधी लपवलास?"

"तीळ कशाला लपवू?"

"मग त्याचं तिला काही वाटतं?"

"नाही."

"बस्स." आणि पुन्हा काम उचललं.

मी चिडले. म्हटलं, मावशी, तुम्हाला मूल नाही, तुम्हाला काय कळणार. बोलून गेले खरी, जीभ चावली. मावशी म्हणाल्या, "नाही ना. म्हणून तर मला लांबून दिसतं." संध्याकाळी त्यांची माफी मागितली. आयुष्यात तिसऱ्यांदा कोणाची तरी माफी मागितली असेन मी.

पोरीची मागायची तर अजून राहिलीच आहे.

गुरुवार, २०

आज दुपारी ठकू दुकानात आली. बाबांचा शर्ट घालून, केस पुढे घेऊन. मावशी लगेच उठल्या, "मी बटणं आणायला जाते" म्हणाल्या. बटणांच्या चार बरण्या समोर भरलेल्या.

ठकू म्हणाली, "वही दे. मापाची."

"कशाला?"

"माझं पान बघायचंय. किती आहे ते मला आकड्यात हवंय."

म्हटलं, "तुझं पान नाही गं. तुझं माप मी कधी लिहिलंच नाही. मला पाठ असतं."

तिने तरी वही ओढली आणि चाळायला लागली. विचारलं, "ह्या खुणा कसल्या?" आता लपवून काय करणार? सांगितल्या. फुली म्हणजे काय, टिंब म्हणजे काय, रेघ म्हणजे काय. ती पान उलटत गेली. रेघ, टिंब, रेघ, फुली, फुली आणि टिंब. शाळेच्या मुख्याध्यापिका, डॉक्टर, बेकरीवाला. बिनखुणेचं नाव शोधायला लागली. खूप वेळ शोधलं. एक सापडलं, ते शिवायला आलेल्या पडद्यांचं होतं.

त्याला ती हसेल असं मला वाटलं. नाही हसली. वही मिटली आणि म्हणाली, "मोज."

ट्रायलच्या खोलीत तीन आरसे आहेत. तिने बाबांचा शर्ट काढला, आतल्या बनियनवर उभी राहिली, केस वर बांधले. अकरा वर्षं त्या खांद्याकडे मी फक्त कापडातून बघत होते. टेप हातात घेतली ती उलट्या टोकाने. आणि कोणी? मी चालत्या गाडीत सुईत दोरा ओवणारी बाई.

"आधी एक ऐक," मी म्हटलं. "मला तुझी लाज कधीच वाटली नाही. मला भीती वाटली. कोणीतरी तुला काहीतरी बोलेल आणि ते मला सहन होणार नाही. तुला नाही, मला. म्हणून लपवलं. आणि तू सरळ विचारलंस तेव्हा खोटं बोलले. ते चुकलंच माझं. माफ कर."

ती आरशातच बघत होती. "मोज," पुन्हा म्हणाली.

मानेच्या मणक्यापासून जमिनीपर्यंत सरळ दोरी सोडली, मोजपट्टी आडवी लावली, उजवीकडून मोजलं, डावीकडून मोजलं. पुन्हा मोजलं. गिऱ्हाइकाला एकदाच मोजते मी.

"अर्धा इंच," म्हटलं. "त्यालाही एक सूत, म्हणजे टेपवरची एक रेघ, कमीच."

"एवढंच?"

"एवढंच."

"अर्धा इंच?"

मी टेपवर बोट ठेवून दाखवलं. तिने टेप हातात घेतली, तेवढा तुकडा डोळ्यांसमोर धरला, आणि मग जमिनीवर फतकल मारून बसली आणि रडायला लागली. आठवडाभराचं सगळं. मी शेजारी बसले. हुंदक्यांमधून म्हणाली, "मला वाटलं... तू सगळ्यांचं सगळं बोलतेस... टीव्हीवाल्या बाईचं, बेकरीवाल्याचं... आणि माझंच लपवलंस. मला वाटलं मग ते किती भयंकर असेल."

हे माझ्या कधीच डोक्यात आलं नव्हतं. अकरा वर्षांत एकदाही नाही. स्वतःला हुशार समजणारी मी बाई! तिला पोटाशी धरून मीही रडले. मावशी दोनदा दारापर्यंत येऊन परत गेल्या.

डोळे पुसून म्हणाली, "मी अजून रागावलेलीच आहे, हं."

"राहा की. किती दिवस?"

"ठरवलं नाही."

"बरं."

"आणि टीव्ही बघताना बोलायचं नाही."

हे मात्र मला जड जाणार आहे. पण हो म्हटलं.

जाताना दारात थांबली. केस अजून वर बांधलेलेच होते. तिच्या लक्षात आलं, हात वर गेला, थोडा घुटमळला. मग केस सोडले आणि पुढे घेतले. पण शाळेच्या दिशेने गेली. घर दुसरीकडे आहे.

शनिवार, २२

जर्सी तिने स्वतः धुतली. मी हात लावला नाही. शपथ.

सकाळी निघताना आरशासमोर उभी राहिलीच, दहा मिनिटं. चेहरा पडला होता. मी स्वयंपाकघरातून बघत होते आणि पदराला गाठी मारल्यासारखी फडक्याला गाठ मारत होते. वाटलं आता म्हणेल, नाही जात. ती वळून म्हणाली, "दिसतंय, आई."

जुनी मी असते तर म्हटलं असतं, छे! "हो, दिसतंय थोडं," मी म्हटलं. "बघणाऱ्याला दिसतं."

"हं," म्हणाली, आणि बूट घालून गेली.

मैदानाच्या लाकडी बाकांवर मी आणि हे. मुली रांगेत उभ्या राहिल्या आणि माझी नजर गेलीच, सवय कुठे जाते. दोन नंबरचा उजवा खांदा उतरता. पाच नंबरची मान पुढे. नऊ नंबर गुडघ्यात आत. आमची सात नंबर, डावा खांदा. जर्सी तिथे सुरकुतली होती, लांबूनही कळत होतं. मी दात आवळून बसले. एखाद्या मुलीने बोट दाखवलं असतं तर मी मैदानात उतरले असते.

शिट्टी झाली. पहिला चेंडू आला तो थेट तिच्यावर, आणि तिने तो इतका सुंदर उचलला की हे उभे राहिले. मग पुढचा. मग एक चुकला. मग भांडण, कोणाचा होता चेंडू म्हणून. मी कधी ओरडायला लागले मला कळलं नाही. पंचांना चष्म्याचा नंबर तपासा म्हणाले, ह्यांनी मला खाली ओढून बसवलं. पहिला सेट गेला, दुसरा आपला. तिसऱ्याच्या मध्येच लक्षात आलं, कोणाचा खांदा कुठे आहे मी बघितलंच नाही इतका वेळ. गुण बघत होते.

शेवटी दोन गुणांनी हरलो. त्याच्या आधीची गोष्ट लिहायची राहिली. तिसऱ्या सेटमध्ये दोन्हीकडे अठरा असताना शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "तुमची कुठली हो?" मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात नऊ नंबरने सोपा चेंडू सोडला. आणि आठ दिवस ज्या पोरीने घरात धड तोंड उघडलं नव्हतं, ती कमरेवर हात ठेवून अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशी गरजली, "अगं ए, झोपलीस का? डोळे उघड की!"

"ती," मी म्हटलं. "ओरडतेय ना, ती माझी."